गणपतीपुढची गाडी

आर्वीत गणपतीपुढं खेळण्यातली आगगाडी फिरे ते फक्त माह्या घरी. रुळाले करंट देणारा एक डब्बा, त्यावर एक बटन, अन् एक इंजिन. सारी गल्ली पाह्यले ये.

दोन हजार पाचच्या गणपतीत समोरच्या ओमप्रकाशच्या जावयानं जर्मनीहून डिजिटल सेट आणला. एकाच रुळावर चार गाड्या! रिमोटवर ज्या इंजिनाचा नंबर दाबला तेवढंच हाले, बाकीचे उभे. माह्या दारात चिटपाखरू फिरकेना. माही बायको ज्योत्स्नासुद्धा आरती आटोपली का तिकडंच पळे.

माहं डोकं फिरलं. माहं इंजिन खिशात घातलं, गर्दीत शिरलो अन् त्याच्या रुळावर ठेवलं. "हे चालवून दाखव!"

"गजेंद्रभाऊ, उचला ते!" ओमप्रकाश ओरडला. "त्यात डिजिटल सर्किट नाई, मोटर जळन!"

मले वाटलं, हा हरायले भेऊन राह्यला. तो उचलायले वाकला, तं मी त्याचा हात धरून ठेवला. इंजिन जागच्या जागी गुणगुणलं, मंग त्यातून धूर निघाला.

सारे हासले. ओमप्रकाश तेवढा हासला नाई. त्यानं आपलं लाल इंजिन उचलून माह्या हातात ठेवलं. "घ्या. हे तुमच्या जुन्या करंटच्या डब्ब्यावरही चालते."

त्याचं माह्या रुळावर चालते, माहं त्याच्या रुळावर जळते. अन् वरून दानतही त्याचीच मोठी!

दुसऱ्या दिवशी माह्या दारात पुन्हा गर्दी झाली. जो तो वाकून पाहे अन् एकच इचारे, "ओमप्रकाशचं ना हे?"