खाटेसमोरची टाकी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची टाकी आहे. माशांची. सध्या माझ्यात मासे नाहीत, पाणी नाही, आणि एका कोपऱ्यात क्षाराचा जो पांढरा थर बसला आहे तो कितीही घासला तरी जाणार नाही. माझी गोष्ट मी सांगते, पण ती ऐकायला गोड लागेल अशी आशा धरू नका.

माझे मालक काचवाले होते. खिडक्यांना आणि शोकेसना काचा बसवणं हा त्यांचा धंदा. एकदा गिऱ्हाइकानं ऐनवेळी माप बदललं आणि पाच जाड काचा परत आल्या. मालकांनी त्या वाया जाऊ दिल्या नाहीत. काच कापायच्या हिरकणीनं रेघ ओढून त्या नेमक्या तोडल्या, कडांवरून बोट फिरवलं तरी ओरखडा उठणार नाही इतक्या घासल्या, आणि सांध्यांत सिलिकॉनचा डिंक भरून चार दिवस मला हातसुद्धा लावला नाही. पाचव्या दिवशी पाणी भरलं, खाली वर्तमानपत्र अंथरलं. दुसऱ्या दिवशी कागद कोरडा निघाला. "नीट झाली," एवढंच ते म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं येणं म्हणजे डोक्यावरून पाणी!

माझ्यात वाळू आली, पाणवनस्पती आल्या, पण दीड महिना मासा काही आला नाही. झाडांनी मूळ धरल्याशिवाय मासे आणायचे नाहीत, असा मालकांचा हट्ट. मालकीणबाई हसायच्या. "अहो, गवतच बघायचं होतं तर मैदानात जाऊन बसलो असतो." पुढं मालक माशांच्या दुकानात जाऊन अर्धा अर्धा तास नुसते उभे राहायला लागले, तेव्हा तर बाईंना आयताच विषय मिळाला. "मला बघायला आलात तेव्हा दहा मिनिटांत उठलात. माशांचं नशीब थोर."

पण त्या अर्ध्या तासात मालक काय बघायचे ते मला ठाऊक आहे, कारण रोज सकाळी पाणी बदलताना ते माझ्याशी बोलायचे. कळपानं राहणारा मासा एकटादुकटा आणायचा नाही. त्याला त्याच्याच जातीचे सातआठ सोबती लागतात, नाहीतर तो एक तर भेदरतो, नाहीतर चवताळतो. लांब परांच्या माशाशेजारी कुरतडणारा ठेवायचा नाही. आणि ज्याच्या तोंडात दुसरा मावतो, त्याचा तो दुसरा शेजारी नव्हे, घास आहे. असं सगळं तोलून त्यांनी दहा निऑन आणले. निळी रेघ, लाल शेपूट. दहाही जण झाडांमधून एकदम वळायचे तेव्हा येणारे-जाणारे दारात थबकायचे. माझं कौतुक व्हायचं. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

अशी बरीच वर्षं गेली. मालकीणबाई वारल्या. मालक थकले, काचेचं दुकान बंद झालं, आणि एके सकाळी माझं पाणी बदलता बदलता त्यांच्या हातातली नळी गळून पडली. उजवं अंग गेलं, वाचा गेली. त्यांना इस्पितळात नेलं. घर तीन आठवडे कुलूपबंद होतं. पाणी फिरवणारं यंत्र कधी बंद पडलं ते कुणाला कळलंच नाही. माझे दहाही मासे मेले.

मालकांचा मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो; तोवर वेगळा राहायचा, आता बायकोला घेऊन या घरात राहायला आला. वाईट नाही हो तो, उलट फार मायेचा आहे. पण त्याची माया घाईची. बाबा घरी यायच्या आत टाकी भरलेली दिसली पाहिजे, म्हणून तो दुकानात गेला आणि पंधरा मिनिटांत पिशव्या घेऊन आला. निऑन मिळाले सहाच, ते घेतले. घरात आता माणसं तीन, बाबा, तो आणि त्याची बायको, म्हणून तीन टायगर बार्ब घेतले, पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेले. आणि आईची आठवण म्हणून एक पांढरी एंजल, लांब परांची, डौलदार. एवढं मनापासून केलं त्यानं, आणि एकही मासा दुसऱ्याला साजेसा नव्हता.

मालकांची खाट माझ्यासमोर लावली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नजर एकेका माशावरून फिरली, आणि त्यांचा डावा हात, तेवढाच शाबूत होता, खाटेच्या दांडीवर आपटायला लागला. धाड, धाड, धाड.

"बघ, किती खूश झालेत," मुलगा बायकोला म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मित्रांनो, मी काच आहे. मला तोंड नाही. त्या खोलीत खरं काय ते जाणणारे आम्ही दोघंच होतो आणि दोघंही मुके.

पहिल्या आठवड्यात दोन निऑन दिसेनासे झाले. एंजलनं गिळले. मग तिघे बार्ब एंजलच्या मागे लागले. आठ असते तर आपापसांत भांडून दमले असते, तिघांना तो खेळ पुरेना. तिच्या परांच्या चिंध्या झाल्या, चिंध्यांवर पांढरी बुरशी चढली. मालक दिवसभर ते बघायचे आणि दांडीवर हात आपटायचे. हात सोलवटला तेव्हा सुनेनं दांडीला मऊ टॉवेल गुंडाळला. तिलाही वाटलं, आपण काळजी घेतली.

एंजल मेली. मुलानं ती सकाळीच गाळणीनं काढली आणि संध्याकाळी हुबेहूब तशीच दुसरी आणून सोडली, बाबांना कळायलाच नको म्हणून. ज्या माणसानं आयुष्यभर नजरेनं माप घेतलं, त्याला कळायला नको! दुसरीही महिन्याभरात गेली. तिसरी आली. निऑन संपले की नवे निऑन येत. करायला जावं एक आणि व्हावं भलतंच, ते हेच. बायकोच्या नावानं आणलेला मासा कुरतडला जाताना मालकांनी तीनदा बघितला.

मग एके दिवशी हात आपटायचा थांबला. मालकांनी तोंड भिंतीकडे केलं. जेवण निम्म्यावर आलं, मग दोन घासांवर.

"आता शांत झालेत," मुलगा म्हणाला. "सवय झाली असेल."

मालक घरी येऊन तीन महिने झाले असतील. एका दुपारी चादर बदलण्यासाठी सुनेनं खाट ओढली आणि ती थेट मला येऊन टेकली. मालकांनी एकाएकी तिचं मनगट धरलं. मग ते सोडून बोट माझ्या काचेवर ठेवलं आणि एका बार्बच्या मागोमाग फिरवलं. मूठ मिटली, पाच बोटं उघडली. पुन्हा मिटली, तीन उघडली.

"पाणी हवंय का, बाबा?" तिनं विचारलं. "पाच वाजताची गोळी?"

त्यांनी डोळे मिटून घेतले. दुसरी कुणी असती तर उठली असती, कपडे भिजत पडले होते. पण ती खाटेच्या कडेला बसली. "पुन्हा दाखवा. मला कळलं नाही."

पुन्हा बार्ब. पुन्हा पाच, पुन्हा तीन.

"आठ? हे आठ हवेत?"

मालकांच्या घशातून कसलासा आवाज आला आणि ते रडायला लागले. रडता रडताच त्यांनी एंजलकडे बोट केलं आणि मग दाराकडे.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "एंजल आईची आहे."

"तो मासा आहे, अहो. रोज तिचे लचके तुटताना बाबांनी बघायचं का?"

"मग त्यांनी आधी का नाही सांगितलं?"

"ते सांगतच होते," ती म्हणाली. "आपण त्याला खूश होणं म्हणत होतो."

दुसऱ्या दिवशी त्यानं कामावर सुट्टी टाकली. एंजल आणि उरलेले निऑन दुकानात परत दिले, पाच बार्ब आणले. या वेळी पिशवी घाईनं ओतली नाही, पिशवीतल्या आणि माझ्या पाण्याची ऊब सारखी होईपर्यंत तरंगत ठेवली. आठ बार्ब झाले. ते एकमेकांमागे पळाले, एकमेकांवर धावून गेले, आणि तासाभरात झाडांमधून एका टोळीनं फिरायला लागले. किती दिवसांनी माझं पाणी निवांत झालं होतं.

"बाबा, बघा ना. आठ आहेत."

मालकांनी मान वळवली, पण माझ्याकडे नाही. मुलाकडे. बराच वेळ ते त्याच्याकडे बघत राहिले. मला आरपार दिसतं, पण त्या नजरेत काय होतं ते मला सांगता येणार नाही. मुलानं मान खाली घातली. मालकांनी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं, आणि नवव्या दिवशी ते गेले. त्या नऊ दिवसांत त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

आठही बार्ब सून एका शाळेतल्या मोठ्या टाकीत देऊन आली. मला रिकामी करून गॅलरीत ठेवलं आहे. मुलगा माझ्यासमोरून जाताना दुसरीकडे बघतो.

मित्रांनो, मासे पाळा किंवा नका पाळू, तुमची मर्जी. पाळलेत तर कोण कुणाशेजारी जगेल ते आधी बघा. आणि घरात कुणी मुकं पडलेलं असेल, तर त्याच्या सुखासाठी काही आणायला पळण्याआधी त्याच्याजवळ बसा. कळलं नाही तर पुन्हा विचारा. माझ्या मालकांना आठ हा आकडा सांगायला दोनदा मूठ उघडावी लागली. त्याला अर्धं मिनिटही लागलं नाही. पण तेवढं बघत बसायला त्या घरात तीन महिने कुणाला सवड झाली नव्हती.