नारायणराव पाटलांचा तोंडवळा

वऱ्हाडचा कारभार नागपुराहून चाले, तेव्हाची गोष्ट. मेहकरजवळच्या एका गावात शकूर मास्तर शाळेत ड्राइंग शिकवत. सुट्टीत नाटकाचे पडदे रंगवत, मोहरमचा ताजिया मढवत, पोळ्याला बैलांच्या अंगावर वेलबुट्टी काढत. गावात डोळ्यांना बरं दिसेल असं जे होतं, त्यातलं निम्मं या एका माणसाच्या हातचं. आणि शाळा कमिटीचे चेअरमन किसनराव पाटील विचारत, "चित्रानं पोट भरते का?" स्वतःचं पोट मात्र दोन माणसांचं!

किसनरावांचे वडील नारायणराव वारले, त्यानंतर मास्तर या गावात आले. म्हाताऱ्याचा फोटो नव्हता. एका लग्नात काढायला घेतला होता, पण फोटोवाला 'हलू नका' म्हणेपर्यंत म्हातारा आचाऱ्यावर ओरडायला निघून गेलेला.

"मास्तर, बाबाचं चित्र काढा," किसनराव म्हणाले. "मायनं ओळखलं तर तुमचा ड्राइंगचा वर्ग टिकला. नाई ओळखलं तर त्या खोलीत म्या सरकी भरतो."

मास्तरांनी घरातली माणसं ओळीनं बसवली आणि एकेकाचं उसनं घेतलं. नाक किसनरावांचं, कपाळ धाकट्या भावाचं, कान बहिणीचे. वर फेटा बांधला, खुर्चीत ताठ बसवलं. जो तो चित्रात आपापला अवयव शोधून खूश.

मग सत्यभामाबाई आल्या, नारायणरावांची बायको. बराच वेळ पाहिलं.

"कोन व्हय हे?"

"सरकी," किसनराव म्हणाले.

मास्तरांनी चित्र उजेडाकडे वळवलं. "माय, कुठं चुकलं?"

"चुकलं नाई बाबा. सारं हाये. पन हा मानूस गप हाये. जलमभर संसार केला, गप बसलेले म्या त्याईले फक्त तिरडीवर पाह्यले."

"मंग कसे राहत ते?"

बाई उठल्या. एक भुवई चढवली, डोळे वटारले, हात उगारला आणि ओरडल्या, "अवं, कुठं मेली!" ओसरीवरची कबुतरं उडाली. घरातल्या पोरी हसून लोळायला लागल्या.

"माय, हलू नको!" म्हणत मास्तरांनी कोळसा काढला. रक्ताच्या माणसांत जे सापडलं नाही, ते या परक्या घरातून आलेल्या बाईच्या तोंडावर जसंच्या तसं बसलेलं होतं.

चार दिवसांनी नवं चित्र बैठकीत आलं. म्हातारा खुर्चीतून अर्धवट उठलेला, तोंड उघडं, हात वर.

"हे असं लावू? इथं साहेब लोक येतात!" किसनराव गादीवरून भडकले. "तोंड मिटवा याचं!"

"मिटवतो," मास्तर म्हणाले, "पन आधी मायले पाहू द्या."

सत्यभामाबाई पिठाचे हात घेऊन दारात आल्या. चित्राकडे नजर गेली.

"आली, आली! घर काऊन डोक्यावर घेता?" बोलून गेल्या, मग थबकल्या, आणि पिठाच्याच हातानं डोळे पुसत खदखदून हसल्या.

बाकी सगळे मात्र गादीकडे पाहत होते. कारण किसनराव गादीवरून उठून, मान खाली घालून उभे होते. कधी उठले, त्यांनाही कळलं नव्हतं.

"भरवा तुमचा वर्ग, मास्तर," ते पुटपुटले. "पन हे माह्या गादीसमोर नका लावू."

"मास्तर," बाई म्हणाल्या, "तिथंच ठोका खिळा."