मुळा, टोफू आणि नऊ मंजुऱ्या

जपानमधल्या तोयामा शहरातल्या झडपा बनवणाऱ्या कारखान्यात हिराओकासाहेबांना डिजिटल सुधारणा विभागाचं प्रमुख केलं, तेव्हा त्यांना वाटलं, आपली हुशारी अखेर कुणाच्या तरी नजरेत भरली. खरं कारण मागाहून कळलं. बाकीच्यांना कामं होती.

दोन वर्षं खपून त्यांनी कागदावरची मंजुरी संगणकावर आणली. पूर्वी प्रस्ताव नऊ टेबलं फिरे, नऊ शिक्के बसत, तीन दिवसांत काम होई. आता पाच दिवस लागत. कारण जो तो आधी छापून घेई, कागदावर शिक्का मारी आणि मग पडद्यावर पुन्हा. त्यातही कनिष्ठाचा शिक्का वरिष्ठाच्या शिक्क्याकडे अदबीने किंचित वाकलेला दिसावा, या सोयीपायी तीन महिने गेले होते. ती कल्पना हिराओकांचीच. तिचं त्यांना भारी कौतुक.

"साहेब, शिक्का वाकायला शिकला," माल रवाना करणाऱ्या मिनागावाबाई म्हणाल्या. बाई एकसष्टीच्या आणि फटकळ. "माझ्या पेट्या कधी हलायच्या?"

"बदलाला वेळ लागतो, बाई."

"तेच तर सांगतेय. लागतोय!"

बाईंच्या विभागासाठी लेबलं छापणारं नवं यंत्र घ्यावं, असा प्रस्ताव हिराओकांनी नोव्हेंबरात पाठवला. पाच दिवसांनी मंजुरी आली. खूश होऊन त्यांनी तो प्रस्ताव उघडला. प्रस्तावाच्या जागी बायकोने पाठवलेल्या यादीचा फोटो चढला होता: मुळा, टोफू, मिसो, मांजराचं खाणं. खाली नऊ शिक्के, अदबीने वाकलेले. अध्यक्षांचा शेरा होता, 'दिशा योग्य. त्वरित अमलात आणा.' आणि 'बारकाईने तपासले' या शेऱ्याखालचा शिक्का? खुद्द हिराओकांचा.

गुपचूप फोटो बदलता आला असता. पण सोमवारी बैठक होती. इतकी यंत्रं आणूनही कामाचा वेग का वाढत नाही, हे त्यांनी तिथे समजावून सांगायचं होतं. चाळीस पानांचं उत्तर तयार होतं. रविवारभर ते वाचून त्यांना स्वतःलाच काही कळलं नाही. सोमवारी त्यांनी पडद्यावर ती यादीच लावली.

"हे काय?" अध्यक्ष मुरासे यांनी विचारलं.

"आमच्या घरचा बाजार, साहेब. आपण सर्वांनी मंजूर केलाय. मी तर बारकाईने तपासलाय."

मागच्या रांगेतून मिनागावाबाईंचं हसू फुटलं. मुरासे कानापर्यंत लाल झाले. पडद्याकडे बघून म्हणाले, "मीही वाचलं नव्हतं. नऊ जण कशाला लागतात आपल्याला?"

"दोन पुरतात," बाई म्हणाल्या. "वाचणारे हवेत."

"पहिलं कुणाला गाळायचं?"

हिराओकांनी हात वर केला. आयुष्यात इतक्या झटपट त्यांनी कुठलाच निर्णय घेतला नव्हता.

महिन्याभरात मंजुऱ्या अर्ध्या दिवसात होऊ लागल्या. संगणक तोच होता, शिक्के मारणारी माणसं तेवढी कमी झाली होती. वसंतात सुधारणा विभाग बंद झाला आणि हिराओकांची बदली मिनागावाबाईंच्या हाताखाली झाली. पहिल्याच आठवड्यात त्यांनी दोन पेट्या भलत्याच गावाला धाडल्या. बाईंनी तासाभरात चूक पकडली आणि चारचौघांत त्यांची बिनपाण्याने केली. मान खाली घालून ऐकताना हिराओकांना नवल वाटलं: आपलं काम कुणीतरी खरंच बघतंय.