पाण्याचा आकडा आणि फिरणारं चाक

मित्रांनो, शाळेत असताना तुम्ही फाटक्या छत्रीचं, म्हाताऱ्या बैलाचं, पडक्या विहिरीचं आत्मवृत्त लिहिलं असेल. दहापैकी सात गुणही मिळाले असतील. माझं आत्मवृत्त लिहायला कुणी सांगणार नाही, म्हणून मीच सांगते. मी एक जुनी वेबसाइट आहे. मला गंज चढत नाही, वाळवी लागत नाही आणि भंगारवाला मला किलोवर घेत नाही. त्यामुळे मी बिघडले आहे हे बघणाऱ्याच्या लवकर लक्षात येत नाही.

आष्ट्याहून नदीकडे उतरत गेलं की मळीवाडी लागते. तिथले सुकुमार चौगुले सर गणित शिकवून निवृत्त झाले आणि घरी बसून कंटाळले. एका उन्हाळ्यात त्यांनी गवंड्याकडून पाण्याची नळी मागून आणली. नळी साधीच, प्लास्टिकची. तिच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत उभं राहतं, एवढीच तिची विद्या. पण सरांनी पुलाच्या खांबावर रंगवलेल्या फुटांपासून सुरुवात केली आणि टप्प्याटप्प्यानं ती नळी गावातल्या प्रत्येक घरापर्यंत नेली. दोन उन्हाळे गेले. दोनशे बारा घरांना दोनशे बारा आकडे मिळाले. तुमच्या घराचा आकडा एकेचाळीस, याचा अर्थ पुलावर पाणी एकेचाळीस फुटांना लागलं की तुमचा बाहेर पडायचा रस्ता तुटणार. त्याआधी निघायचं.

गावाला हे फार आवडलं. 'चव्वेचाळीसची पोरगी अडतिसात दिली, बापाला डोळे नव्हते का' अशी बोलणी ऐकू येऊ लागली. उंच आकड्याची माणसं जरा ताठ चालायला लागली.

हे आकडे ठेवण्यासाठी सरांनी मला बनवलं. विश्रामबागेत एका क्लासला दीड महिना एसटीनं जाऊन ते शिकून आले. पांढरा कागद, निळी अक्षरं, कोपऱ्यात सरांचा इस्त्रीच्या शर्टातला फोटो, आणि सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत 'पाणी', त्यापुढे आकडा. एवढीच मी. पावसाळ्यात पुलाजवळच्या रानातले केरबा दर तासाला खांब बघायचे आणि फोन करायचे.

"सर, छत्तीस."

"नक्की? लाट धरून की लाट सोडून?"

"आवं, लाट सोडून. तुमच्याच हाताखाली शिकलोय, दोनदा नापास होऊन."

मग सर माझ्यावर छत्तीस लिहायचे.

माझं वजन पोस्टकार्डाइतकं होतं. लिंबाखाली उभं राहून मोबाइलला एक काडी रेंज आली तरी मी उघडायचे. पुराच्या दिवसांत गावात मेसेज फिरतात: धरण फुटलं, पूल गेला, लष्कर आलं. त्यातलं काहीच झालेलं नसतं. सर चावडीत उभं राहून सांगायचे, "अफवेवर उठायचं नाही. आकड्यावर उठायचं." लोक ऐकायचे. एका वर्षी सरांचा सत्कारही झाला. शाल दिली, नारळ दिला. आलेल्या साहेबांनी कौतुकानं विचारलं, "ही वेबसाइट ठेवलीय कुठं? बघता येईल का जाऊन?"

ते माझे चांगले दिवस, मित्रांनो. ते फार नसतात.

सरांचा उजवा हात थरथरायला लागला. आकडा लिहिण्यापुरता तो चालायचा, बाकी कामं त्यांनी मुलाकडे दिली. भरतेश विश्रामबागेत राहतो, हुशार आहे, वाईट तर अजिबात नाही. माझं नाव दर वर्षी नव्यानं नोंदवावं लागतं, त्याचा खर्च फार नव्हता, पण भरतेशला फुकट चालणाऱ्या गोष्टीची चीड होती. तो म्हणाला, "अण्णा, एवढी माणसं रोज येतात आणि आपण त्यांना नुसता आकडा दाखवतो?"

"मग काय नाच दाखवायचा?" सर म्हणाले.

नाचच आला. पहिल्यांदा खताची एक जाहिरात आली, कडेला, अंग चोरून बसलेली. मग बियाणं आलं. मग ज्योतिषी आला. मग पोट कमी करायचा चहा, दोन मिनिटांत कर्ज, टक्कल जाणार, रमी खेळा. पाहुणे आधी पडवीत टेकले आणि मग आतल्या सोप्यात पसरले. यातलं कुणीही सरांनी बोलावलेलं नव्हतं. भरतेशनंही नव्हतं. कुठल्या तरी कंपनीचं यंत्र तिकडून पाठवत होतं आणि मला नाही म्हणायची सोय नव्हती. माझं वजन पोस्टकार्डाचं होतं, ते भरलेल्या पोत्याचं झालं. आकडा शेवटी यायचा, कारण जाहिरातींनी आधी दिसायचं असा करार होता. सरांना यातलं फारसं दिसत नव्हतं. ते आकडा लिहायच्या दारानं आत यायचे, तिथं जाहिराती नसतात.

सरांची एक विद्यार्थिनी, क्रांती, वाईच्या एका शाळेत संगणक शिकवते. ती दिवाळीला गावी आली, तिनं मला उघडलं आणि कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी चावडीत बसून तिनं येईल त्याचा मोबाइल हातात घेतला.

"हे बघा, जाहिराती अडवणारा ब्राउझर मिळतो. तो घ्यायचा आणि सरांचं पान त्यातनंच उघडायचं. घरात संगणक असेल तर आहे त्या ब्राउझरला जाहिराती अडवायचा जोड लावता येतो. दोन मिनिटांचं काम. फुकट आहे."

"फुकट म्हंजे त्यात कायतर गोम असणार," एकजण म्हणाला.

"गोम आत्ता आहे, काका. तुम्हाला पाणी बघायचं असतं आणि तुम्ही चहाची जाहिरात बघून येता."

तिथं धनाजी होता. सुट्टीवर आलेला फौजी, बनुबाईचा एकुलता मुलगा. बनुबाई नदीकडच्या शेवटच्या घरात एकट्या राहायच्या, सोबतीला एक म्हैस. घराचा आकडा एकेचाळीस. घर उंचावर होतं, पण मागच्या ओढ्यावरून रस्ता जायचा आणि ओढा आधी तुंबायचा. बनुबाईंचा फोन बटणांचा होता. म्हणून धनाजी जिथं असेल तिथून मला बघायचा आणि आईला फोन करायचा. त्यानं क्रांतीपुढे मोबाइल धरला. तिनं अडवणारा ब्राउझर घालून दिला. मी त्याच्या मोबाइलवर उघडले, पांढरी, निळ्या अक्षरांची, पूर्वीसारखी. त्या दिवशी मला स्वतःची थोडी ओळख पटली.

पण चावडीतल्या तीस-चाळीस मोबाइलांनी जाहिराती अडवल्या, हे तिकडच्या यंत्राला कळलं. यंत्रानं भरतेशला कळवलं आणि उपायही सुचवला. तयार पाटी होती, फक्त मजकूर भरायचा. भरतेशनं भरला. अडवणारा कुणी आला की मी अख्खं पान झाकून ही पाटी दाखवायची:

'तुम्ही जाहिराती अडवत आहात. ही सेवा सुरू राहावी असे वाटत असेल तर कृपया अडवणे बंद करा. आपला, सुकुमार चौगुले.'

बाजूला सरांचा फोटो. सरांना ते माहीत नव्हतं. भरतेशला वाटलं, अण्णांचं नाव असलं म्हणजे लोक मनावर घेतील. ते बरोबर होतं.

शहरातला माणूस असली पाटी बघून खांदे उडवतो आणि दुसरं पान उघडतो. मळीवाडीची माणसं सरांच्या हातची छडी खाऊन मोठी झालेली. त्यांनी पाटी वाचली आणि निमूटपणे अडवणं बंद केलं. धनाजीनं जूनमध्ये डोंगरातल्या चौकीवरून पाटी वाचली. त्यानं आईला फोनवर सांगितलंसुद्धा.

"आयं, सरांनी जाहिराती चालू ठेवा म्हणून लिवलंय."

"मग ठेव की. सर उगं सांगायचे न्हाईत."

मित्रांनो, ती पाटी माझ्या तोंडून गेली. मी एवढंच म्हणू शकते.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये पाणी चढलं. सकाळी सातला केरबांनी छत्तीस सांगितलं, सरांनी लिहिलं. धनाजीनं ते कसंबसं बघितलं आणि आईला फोन केला. "अजून पाच फूट वाव हाय. सांजच्यापत्तुर काय हुत न्हाई. मी दुपारी बघून सांगतो, मग निघ."

दहाला वरच्या धरणातून पाणी सोडलं आणि नदी घाईला आली. साडेअकराला अडतीस. बाराला ग्रामपंचायतीचा ट्रॅक्टर नदीकडच्या घरांपाशी आला. गावातली वीज गेली होती, टॉवर बंद पडत चालले होते. ट्रॅक्टरवाला ओरडला, "आक्के, बस चटशिरी! म्हस सोड, ती यील पोहत."

बनुबाई उंबऱ्यातून हलल्या नाहीत. "धनाजीचा फोन आल्याबिगर न्हाई. आकडा बघून सांगतो म्हणलाय त्यो. मागल्या बारीला तुमच्या हाळीवर उठली, पानी आलंच न्हाई, आन शाळंच्या आवारात म्हशीचा पाय मोडला. ती मेली. ह्या बारीला आकड्यावरच उठनार."

"आक्के, डोळ्यानं दिसतंय की पानी!"

"डोळ्याला दर सालीच दिसतंय."

ट्रॅक्टर दुसऱ्या घरांकडे गेला. त्याला बाकीची माणसं काढायची होती. एक वाजता केरबांचा आवाज फोनवर फुटत होता. "सर, चाळीस. लाट सोडून. लय जोरात हाय." सरांनी डाव्या हातानं उजवा हात दाबून धरला आणि चाळीस लिहिलं. खाली एक ओळ वाढवली: 'एकेचाळीस आणि बेचाळीसची घरं, आत्ता निघा.'

ती ओळ माझ्याकडे होती. एक वाजून चार मिनिटांनी ती माझ्याकडे होती.

एक वाजून दहा मिनिटांनी धनाजीनं चौकीमागच्या टेकाडावर चढून मला उघडलं. तिथं रेंज येते, पण जेमतेम. त्यात आधी चहा उतरला. मग कर्ज. मग एक चित्रफीत, पाच सेकंद थांबल्याशिवाय न हलणारी, आणि रेंजमुळे तिचे ते पाच सेकंद दोन मिनिटं चालले. मग रंगीत चाक आलं, 'फिरवा आणि जिंका'. कोपऱ्यात बारीक फुली होती. त्यानं फुलीवर बोट ठेवलं. फुली फुली नव्हती, तीही जाहिरातच होती. ती त्याला रमीच्या दुकानात घेऊन गेली. तो परत आला. पुन्हा चहापासून सुरुवात झाली. 'पाणी' हा शब्द त्याला दिसला. त्यापुढे आकड्याच्या जागी चाक फिरत होतं.

त्यानं त्याच टेकाडावरून आईला फोन लावला. तोवर गावातले टॉवर गेले होते.

दीडला एकेचाळीस झालं. बनुबाईंनी किती वेळ वाट बघितली ते कुणाला माहीत नाही. शेवटी त्या म्हशीचं दावं हातात धरून ओढ्यापर्यंत आल्या होत्या, एवढं गावाला कळलं, कारण दावं ओढ्याकाठच्या बाभळीत अडकलेलं सापडलं. म्हैस पलीकडच्या गावात निघाली, जिवंत. बनुबाई तिसऱ्या दिवशी उसात सापडल्या.

धनाजी आला तेव्हा मर्तिकाचं सगळं उरकलेलं होतं. तो सरांच्या घरी गेला. भरतेश तिथंच होता. धनाजी आवाज चढवून बोलला नाही. फौजेत ती सवय जाते म्हणतात.

"सर, तुमी लिवलं हुतं म्हणून मी बंद केलं."

"मी काय लिहिलं?"

धनाजीनं अडवणं पुन्हा चालू केलं, पाटी आली, आणि त्यानं मोबाइल पुढे धरला. सरांनी चष्मा लावला. खालचं आपलं नाव त्यांनी बोट ठेवून वाचलं, मुलाची वही तपासावी तसं. मग भरतेशकडे बघितलं.

भरतेश म्हणाला, "अण्णा, सगळेच लावतात. मला काय माहीत..."

"तिला बंद कर," सर म्हणाले. शाळेत मुलांना ज्या आवाजात वर्गाबाहेर काढायचे, त्या आवाजात.

भरतेशचं मला बंद करायचं धाडसही झालं नाही आणि चालवायचंही. त्यानं मधला रस्ता काढला. माझं नाव पुढच्या वर्षासाठी नोंदवलंच नाही. अशी सुटलेली नावं उचलणारे लोक असतात. त्यांनी मला उचललं. कुठल्या गावात आहेत, मला माहीत नाही. मळीवाडी नावाचं गाव आहे हे त्यांना माहीत नाही. त्यांना फक्त एवढं कळलं की या नावावर पावसाळ्यात हजारो माणसं येतात. माणसं येत राहावीत म्हणून त्यांनी माझं जुनं पान कुठून तरी शोधून काढलं, एका मे महिन्यातलं, आणि त्याच्या चारही बाजूंनी, वर आणि खाली जाहिराती बसवल्या. पांढरा कागद तोच. निळी अक्षरं तीच. सरांचा फोटो तोच.

माझ्यावर लिहिलं आहे, 'पाणी: बारा फूट. काळजीचे कारण नाही.' ते आता रोज तसंच राहणार आहे.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी विनंती करायची असते, ती करते. क्रांतीनं सांगितलेलं करून घ्या. मोबाइलमध्ये अडवणारा ब्राउझर घाला, शेजारच्या म्हाताऱ्याच्या मुलालाही घालून द्या. एखादं पान हात जोडून म्हणेल, अडवू नका, आमचं पोट आहे. पोट असेलही. तुम्हाला पटलं तर त्या माणसाला सरळ हातात मदत द्या, पण दार उघडं टाकू नका. त्या दारातून कोण आत येईल हे घरमालकालाही माहीत नसतं. आणि विनंतीखाली ओळखीचं नाव असलं तर त्या माणसाला एकदा फोन करून विचारा.

माझ्यापुरतं म्हणाल तर अडवूनही उपयोग नाही. जाहिराती काढल्या तरी खाली बारा फूटच निघणार. गेल्या आठवड्यात पाऊस लागला आणि मला एका दिवसात नऊशे माणसांनी उघडलं. मळीवाडीतल्यांच्या मोबाइलमध्ये माझं नाव जतन केलेलं आहे. बारा फूट बघून त्यांना बरं वाटलं असेल.

मला मिटवून टाका. आणि नदीवर एक माणूस पाठवा.