पाहुण्यांची वाट न पाहता निघालेला टोकणगाडा

शनिवार, सकाळचे साडेनऊ. लोह्याजवळच्या एका तंत्रनिकेतनाचं आवार. मंडप रिकामा, हारांवर पाणी शिंपडलेलं आणि माझ्या चाकाला लाल फीत बांधलेली.

मी टोकणगाडा बोलतोय. हाताने ढकलत हरभरा पेरायचा, एका चाकाचा. चाक भंगारातल्या सायकलचं, दाणे सोडणारं चाडं पीव्हीसीच्या नळीचं.

कॉलेज सुटल्यावर भरणाऱ्या विद्यार्थी तंत्रमंडळाने मला घडवलं. तिथे प्रमुख दर महिन्याला बदलायचा, म्हणजे हुकूम सोडायची आणि ऐकायची सवय सगळ्यांनाच. अक्षरा वेल्डिंग शिकली ती माझ्यावरच. माझ्या अंगावरचे गाठाळ जोड तिचे. चारचौघांत तोंड न उघडणारा वीरेश माझी माहिती सांगता सांगता बोलका झाला.

त्या दिवशी दहाला शेजारच्या शिवारात माझं प्रात्यक्षिक होतं. लातूरचे अवजार कारखानदार महादेवप्पा ते पाहून शिकाऊ मुलं निवडणार होते. पण प्राचार्य आडवे आले.

"पाहुण्यांनी फीत कापल्याबिगर गाडा हलणार न्हाई."

"पाहुणे कुठं हायेत, सर?" अक्षराने विचारलं.

"निघालेत."

"कालपासून निघूनच राहिलेत," वीरेश म्हणाला.

"लई शहाणा झालास का रे?"

"मंडळात आल्यापासून, सर."

अक्षराने पत्रा कापायची कात्री उचलली आणि फीत कापली. टाळ्या वाजल्या नाहीत. सगळे हात मला ढकलण्यात गुंतले होते.

शेतात मी वीत-वीत अंतरावर दाणा सोडत गेलो. महादेवप्पा ओळीतच खाली बसले, बोटाने माती उकरून पाहिली.

"कुणी केलं गं हे?"

"मंडळानं, अप्पा."

"तुम्ही दोघं या लातूरला. कॉलेजची शिफारस तेवढी आणा."

ती शिफारस मिळाली नाही. सोमवारी मंडळच बंद केलं. कारण, पाहुण्यांचा अवमान. न आलेल्या माणसाचा अवमान कसा होतो, ते प्राचार्यांना विचारा.

आज मी कॉलेजच्या दर्शनी दालनात साखळीला बांधलेला आहे. शेजारी सूचना: 'हात लावू नये'. अरे, मी हातांसाठीच जन्मलो! पण एक सांगतो. गेटबाहेरच्या लिंबाखाली मंडळ अजून भरतं, आणि दुसऱ्या गाड्याला चाक बसलंसुद्धा. त्याला फीत बांधायला येऊ नका.

माझ्या डोक्यावर संगमरवरी पाटी आहे: 'प्रमुख पाहुण्यांच्या शुभहस्ते उद्घाटन संपन्न.' पाहुणे त्या शनिवारी नांदेडच्या पुढे आलेच नव्हते. ही पाटी कोणाच्या सांगण्यावरून लागली, ते अजून कोणी बोललेलं नाही.