लाल खटक्यावरचं गंध

हीना मुलाणीला राग चटकन यायचा आणि उतरायला मात्र भरपूर वेळ घ्यायचा. त्या सकाळी तो यायला एक फोटो पुरला.

दसऱ्याची सुट्टी संपून पहिली शिफ्ट लागली होती. पिंपळे गुरवहून भोसरी, मोशी करत ती चाकणच्या शेडपाशी आली, स्कूटी लावली आणि फोन काढला. आत पार्ट तपासायला बसणाऱ्या पूनमने काहीतरी पाठवलं होतं. बघते तर स्वतःचंच ओळखपत्र. चाकणपासून पिंपरीपर्यंतच्या शेडवाल्यांचा एक ग्रुप होता, दोनशेच्या वर माणसं. त्यावर सुपरवायझर शेखरने तिच्या ओळखपत्राचा फोटो टाकून खाली लिहिलं होतं, ‘हिने हलका माल बसवून तीन कॉम्प्युटर जाळले. कोणी कामाला ठेवू नये.’

हीना दोन वर्षं या शेडमध्ये कंत्राटावर कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करत होती. त्या ग्रुपवर एकदा नाव खराब झालं, की या पट्ट्यात गेटवरचा वॉचमनसुद्धा आत सोडत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने हेल्मेट काढलंच नाही, तशीच तरातरा आत गेली.

तपासणीच्या खोलीत जळका वास कोंडला होता. चार जुने कॉम्प्युटर, प्रत्येकाला झेंडूची सुकत आलेली माळ. पार्टची मापं हेच कॉम्प्युटर घ्यायचे. त्यांच्या रिपोर्टशिवाय गाडी शेडबाहेर पडत नसे. मालक नानासाहेब खुर्ची ओढून मधोमध बसले होते. शेखरच्या हातात टाइप केलेला कागद तयारच होता.

“सही कर,” शेखर म्हणाला. “माझ्या निष्काळजीपणामुळे नुकसान झालं, एवढंच लिहिलंय.”

“आधी उघडून बघते.”

“बघायचंय काय त्यात? मागच्याच महिन्यात चारही एसएमपीएस तू बदललेस. आज मेन स्विच वर केला आणि तीन उडाले.”

एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरच्या पाठीतला पत्र्याचा डबा, भिंतीतली वीज घेऊन आतल्या भागांना पचेल अशी करून देणारा. हीनाने पूनमकडे बघितलं. “तिन्ही एकदम उडाले?”

“एकदम गं. फटाक्याची लड लावल्यासारखं. मी तर टेबलाखाली गेले.”

हलका माल एकेकटा मरतो. आज एक, पंधरा दिवसांनी दुसरा. तीन डबे एकाच क्षणी जातात, तेव्हा तिघांवर एकच संकट आलेलं असतं. हीनाने मीटर काढून भिंतीतल्या सॉकेटला लावला. दोनशे बत्तीस. वीज बिचारी सरळ येत होती. मग तिने पहिला कॉम्प्युटर फिरवून त्याची पाठ उजेडाकडे केली.

पाठीमागे, वायर लावायच्या जागेशेजारी, नखाएवढा लाल खटका असतो. त्यावर गंधाचा ठसठशीत टिळा होता, वर अक्षतेचा एक दाणा चिकटलेला. आणि गंधाखालून आकडा दिसत होता: ११५.

तिने दुसरा फिरवला. टिळा, ११५. तिसरा, चौथा, तेच.

खंडेनवमीला नानासाहेब शेडमधलं एकूणएक मशीन स्वतःच्या हाताने पुसायचे. जमिनीच्या एका तुकड्यावर पत्रे ठोकून एक लेथ बसवला, तेव्हापासूनचा त्यांचा नेम. आता साठ मशिनं झाली तरी फडकं ते दुसऱ्याच्या हाती देत नसत. पुसायचं, अंगठ्याने गंध ओढायचं, फूल वाहायचं. कॉम्प्युटरच्या पाठीवर काळ्या पत्र्यात तेवढंच एक लाल दिसलं असेल, आणि नानांना वाटलं असेल, टिळ्याची जागा हीच.

“त्यो चौथा तरी लावा आता,” नानासाहेब करवादले. “गाडी खोळांबलीया भाईर.”

चौथ्याची पिन पुसताना निघाली होती, म्हणून तो वाचला होता. शेखरने पिन उचलली. हीना सॉकेटच्या आडवी उभी राहिली.

“हात लावू नका. हाही जाईल.”

“तू कोण मला सांगणारी?”

“ज्या कामाचा दोष माझ्यावर टाकताय, ते काम येणारी.”

शेडमधली माणसं दारात गोळा झाली होती. होऊ देत, हीनाला वाटलं. बदनामी सगळ्यांसमोर झाली, तर हेही सगळ्यांसमोरच होऊ दे.

“नाना, हा लाल खटका त्या डब्याला सांगतो, की भिंतीतून किती व्होल्ट येणार. आपल्याकडे दोनशे तीस येतात. काही देशांत त्याच्या निम्मेच असतात, तिकडे खटका एकशेपंधरावर ठेवतात. मग डब्याला वाटतं, पाहुणा अर्धपोटी आलाय, याला दुप्पट वाढू. म्हणून तो आलेली वीज आत दुप्पट करून घेतो. आपले दोनशे तीस आले, त्याने तेही दुप्पट केले. आतले कॅपॅसिटर एवढं कुठून सोसणार? फुटले. मी चारही खटके दोनशे तीसवर ठेवून गेले होते. महिनाभर चारही चालले, पूनमला विचारा.”

“चालले की,” पूनम म्हणाली. शेखरने डोळे वटारले, तरी तिने मान खाली घातली नाही.

“मंग सरकवले कुणी?”

हीनाने एक श्वास घेतला. “तुम्ही, नाना. पुसताना. टिळा एकशेपंधराच्या आकड्यावर लागलाय. म्हणजे खटका आधी सरकला आणि गंध मागाहून लागलं. आणि गंध तुमच्याशिवाय कोणी लावत नाही.”

नानासाहेब ताडकन उठले. खुर्ची मागे भिंतीवर आदळली. “म्हंजी आमी पूजा केली हेच चुकलं म्हन की!”

सगळ्यांच्या नजरा आपल्या गळ्यातल्या ओळखपत्रावरच्या नावावर खिळल्यात, हे हीनाला न बघताही कळलं. भीती वाटली, नाही कशी वाटणार? पण भीतीपेक्षा संताप मोठा होता. खरं बोलायचं तर आधी आपलं नाव बघायचं, हा कुठला न्याय!

“पूजेला मी अवाक्षर बोललेले नाही. दोन वर्षं तुमच्या पूजेचा प्रसाद घरी नेऊन खाल्लाय. खटका सरकला, एवढंच म्हणतेय. माझ्या अब्बांच्या हातून सरकला असता, तरी हे डबे असेच उडाले असते.”

मग तिने कोणाच्या परवानगीची वाट बघितली नाही. चौथ्या कॉम्प्युटरची पाठ नानांपुढे केली आणि बारीक स्क्रू-ड्रायव्हरने खटका सरकवला. टिळा फाटला, गंध लागलेलं ११५ आत गेलं आणि स्वच्छ कोरं २३० बाहेर आलं. त्याच्यावर गंधाचा कणही नव्हता. तिने पिन लावली, स्विच दाबला. पूनमने बटण दाबताच पंखा घरघरला आणि पडदा उजळला.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शेखरने हातातला कागद हळूच दुमडला.

“आत ये,” नानासाहेब म्हणाले आणि केबिनमध्ये गेले. दार लागल्यावर त्यांचा आवाज बराच खाली आला. “झालं ते झालं. शेखर त्यो फोटो काढून टाकंल. तू तीन नवे डबे बसव. मिटलं.”

“कुठे मिटलं? दोनशे जणांनी वाचलंय. फोटो काढल्याने त्यांच्या डोक्यातून निघतो का?”

“मंग काय करू?”

“त्याच ग्रुपवर खरं सांगा. तुमच्या आवाजात.”

“मालकानं माफी मागायची व्हय, पोरी?”

“माफी नकोच मला. डबे बसवून झाले की खटक्यावर टेप लावायची, हे अब्बा मला लहानपणापासून सांगत आलेत. मी आळस केला, लावली नाही. ती चूक माझी, आणि ती मी बाहेर जाऊन सगळ्यांना सांगते. तुमची तुम्ही सांगा.”

हीनाने स्क्रू-ड्रायव्हर पिशवीत टाकला, मीटर टाकला, चेन ओढली. मग ती दाराकडे वळली. रोजी जाणार होती. पण असं डागाळलेलं नाव घेऊन इथे राहिली असती, तर शेडमध्ये रोज काही बिघडलं की बोट तिच्याचकडे वळलं असतं.

नानासाहेब आपल्या उजव्या अंगठ्याकडे बघत होते. नखाच्या कडेला तीन दिवसांपूर्वीचं गंध अजून लाल होतं.

“थांब,” ते म्हणाले.

ते केबिनमध्ये बोलले नाहीत. बाहेर शेडच्या मधोमध येऊन उभे राहिले, फोन तोंडाजवळ धरला.

“म्या नानासाहेब बोलतोय, म्हाळुंग्याच्या रस्त्यावरचा. सकाळी आमच्या शेखरनं जे टाकलंय ते खोटं हाय. कॉम्प्युटर त्या पोरीनं न्हाई जाळलं...”

“नाव घ्या,” हीना म्हणाली.

नानासाहेबांनी तिच्याकडे रोखून बघितलं. मग पुन्हा बोलू लागले. “हीना मुलाणीनं न्हाई जाळलं. म्या जाळलं. खंडेनवमीला पुसताना माझ्या हातानं मागचा लाल खटका सरकला. टेप लावाया ती इसरली, त्ये ती कबूल करती. बाकी समदी चूक माझी.”

अंगठा उचलला, मेसेज गेला. शेखर कुठेतरी मागे सरकला होता. मिनिटभरात नानांचा फोन वाजला. ग्रुपवर भोसरीतल्या एका शेडवाल्याचा व्हॉइस मेसेज आला होता. नानांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

“नाना, आमचेबी सकाळी दोन उडाले राव. आमीबी चकाचक पुसलं होतं. आमाला वाटलं आमच्या दुरुस्तीवाल्या प्रज्वलनं काय तरी खराब माल घातला, त्याला तवाच कामावरनं काढून घरी धाडला. त्या हीनाचा नंबर द्या की.”

नानासाहेबांनी हीनाकडे बघितलं. “काय गं, देऊ नंबर?”

हीनाने पिशवी पुन्हा उघडली होती. काळ्या टेपचा तुकडा तिने दाताने तोडला आणि चौथ्या कॉम्प्युटरच्या लाल खटक्यावर दाबून बसवला.

“द्या,” ती म्हणाली. “पण मी येईन ती प्रज्वल कामावर परत आल्यावर. आणि त्यालाही ग्रुपवरच, नाव घेऊन परत बोलवा म्हणावं.”