जीपचा रेडिएटर, सितारामची मोटार

मित्रांनो, मी एक जुना रेडिएटर आहे. जन्माने जीपचा, पण माझं नाव झालं ते एका म्हाताऱ्या मोटारीत. तांब्याच्या बारीक नळ्या आणि वर-खाली पितळेच्या टाक्या, एवढंच माझं अंग. इंजिनाचं तापलेलं पाणी पोटात घ्यायचं, वाऱ्यावर निववायचं आणि परत पाठवायचं, हे माझं काम.

कारखान्यातून निघालो तो थेट धरणाच्या कामावरच्या सरकारी जीपमध्ये बसलो. जिंतूरकडच्या मुरमाच्या रस्त्यांवर आम्ही पुष्कळ धूळ खाल्ली. साहेब लोक ड्रायव्हरचं कौतुक करत, माझी आठवण कुणाला नसे. चांगल्या नोकराची आठवण येत नाही, असं मी मनाला समजावत असे. पुढे जीप नाल्यात कलंडली आणि लिलावात मोडीत निघाली. परभणीला भंगाराच्या ढिगात मी उताणा पडलो. माझ्या जाळीत चिमणीने काड्या खोचल्या.

तिथून मला उचललं आश्रुबाने. ताडकळसला तो शेतावरची पाण्याची इंजिनं दुरुस्त करी. त्याचा दोस्त सिताराम पूर्णा जंक्शनवर आगगाडीच्या इंजिनात कोळसा मारून निवृत्त झालेला. त्याने एका डॉक्टरांची जुनी विलायती मोटार घेतली होती. मोटार गुणी होती, पण तिचा रेडिएटर कुजला होता. आदल्या वर्षी जयंतीच्या मिरवणुकीत बाबासाहेबांची तसबीर तिच्यावर ठेवली होती आणि आत सितारामची आई चांगुणाबाई बसली होती. तिचे पाय कधीचेच गेले होते. माणसांच्या चालीने चालताना मोटार तापली, वाफ उसळली. तसबीर दुसऱ्यांनी खांद्यावर घेतली आणि चांगुणाबाईला उचलून घरी आणावं लागलं.

"औंदा मला शेवटपोतर न्या रे," ती म्हणाली होती. "पुढच्या साली म्या हाय का न्हाई, काय सांगावं."

म्हणून माझी निवड झाली. पण जीपचं माप निराळं, मोटारीचं निराळं. मी त्या मोटारीच्या नाकात मावेचना. आश्रुबाने आतल्या पट्ट्या छिन्नीने तोडल्या. मला थोडं खाली बसवलं, पंख्याची पाती घासू नयेत म्हणून पुढे सरकवलं आणि खाली टायरच्या रबराची गादी दिली. मग बॉनेटचं झाकण लागेना, ते चामडी पट्ट्याने बांधलं. सगळ्यात अवघड माझं तोंड. ते रुंद, आणि मोटारीचा पाइप बारीक. आश्रुबाने त्यावर सायकलच्या ट्यूबचे वेढे चढवले आणि तारेने आवळले.

"लोकाच्या गाडीचा हाय ह्यो. रमल का हितं?" सितारामची बायको केशरबाई म्हणाली.

"रमल की वैनी. तुमी बी लोकाच्या घरून आल्ता, रमलाव न्हाई का?" आश्रुबा म्हणाला. केशरबाईने हसत पदर सावरला आणि फडक्याने माझी जाळी पुसली. मित्रांनो, मला आजवर इतक्या मायेने कुणी पुसलं नव्हतं.

जयंती आली. तो मोठ्या दुष्काळातला उन्हाळा होता. विहिरी खडखडीत, गावात टँकर येई तेव्हा बायांची झुंबड उडे. दुपार कलल्यावर मिरवणूक निघाली. पुढे हलगी, निळे झेंडे, पांढऱ्या लुगड्यातल्या बाया, मध्ये आमची मोटार. सिताराम पहिल्या गिअरवर जपून हाकत होता. चांगुणाबाई खिडकीतून सगळ्यांना हात जोडत होती. मी जीव तोडून पाणी निववत होतो.

बाजारतळाशी आलो आणि ट्यूबचा जोड निसटला. माझ्या पोटातलं सगळं पाणी मातीत गेलं. हलगी थांबली.

आश्रुबाने इंजिन निवू दिलं, जोड पुन्हा आवळला आणि म्हणाला, "झालं. आता पाणी वता अन् चला."

सिताराम हलेना. "लोकाच्या घागरी कोरड्या हायत्या. प्यायचं पाणी गाडीला न्हाई वतायचो मी. मायला खांद्यावर घिऊन जाऊ."

चांगुणाबाईने ते ऐकलं. तिने आपला पिण्याचा तांब्या खिडकीतून पुढे केला. "ह्ये घे. मला तहान न्हाई." मग केशरबाईने आपली बाटली ओतली. कुणी पेला, कुणी लोटा आणला. तरी माझं पोट अर्धं रिकामंच.

तेवढ्यात समोरच्या घरातून गोजरबाई कळशी घेऊन आली. तिच्या सासरच्यांची मळ्यात जुनी विहीर होती. लहानपणी चांगुणाबाई त्याच विहिरीच्या कडेला घागर घेऊन बसायची. कुणीतरी वरून पाणी ओतेल म्हणून वाट बघायची, स्वतः विहिरीला शिवायची तिला मुभा नव्हती. आता गोजरबाई काय करते, सगळे बघत राहिले.

गोजरबाईने कळशी चांगुणाबाईपुढे धरली. "माय, तुमच्या हातानं वता."

"मला उतरवा," चांगुणाबाई म्हणाली.

सितारामने आईला कमरेत धरून माझ्यापुढे उभं केलं. खालून गोजरबाईने कळशीला हात दिला. चांगुणाबाईने पाणी असं ओतलं की एक थेंब बाहेर सांडला नाही. माझं पोट काठोकाठ भरलं. मग तिने कळशी उलटी करून बघितली आणि म्हणाली, "चला आता."

त्या दिवशी आम्ही शेवटपर्यंत गेलो. जोड पुन्हा सुटला नाही.

पुढच्या उन्हाळ्याआधीच चांगुणाबाई गेली. मोटारही थकली. आता मी सितारामच्या परसात भिंतीला टेकून उभा आहे. नळ्यांत गाळ बसलाय, पितळ काळं पडलंय. पण मित्रांनो, माझं एवढं ऐका. दुसऱ्याची वस्तू, दुसऱ्या मापाची वस्तू, म्हणून कुणाला ढिगात टाकू नका. थोडी पट्टी कापा, थोडी गादी द्या, जोड नीट आवळा. आणि अधूनमधून फडक्याने पुसा. आमच्यासारख्यांना तेवढं पुरतं.